मॅडमची अनुपस्थिती

मी त्या कागदावर जे लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचा घोळ शब्दाचा आहे, माझ्या मनाचा नाही.

सत्र संपताना आमचं कॉलेज प्रत्येक विषयाचे लेखी अभिप्राय घेतं. साहित्यसिद्धांत हा विषय आम्ही अकरा जणांनी घेतला होता. का घेतला म्हणाल, तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एकीला वाटलं, गोष्टी-कविता वाचायच्या, मजा. एकाला सकाळी आठचं अर्थशास्त्र चुकवायचं होतं. आमच्या ‘शंके’ला कुणीतरी सांगितलं होतं की यात गणित नाही. (त्याचा हात सदान्‌कदा वर असतो. खरं नाव हजेरीपटाशिवाय कुणी घेत नाही.) आणि मी घेतला, कारण पहिल्या दिवशी मॅडम वर्गात आल्या नि कोऱ्या फळ्याकडे पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. म्हटलं, ही बाई एक तर फार थोर आहे, नाही तर खडू विसरली आहे.

मॅडम तासिकेवर होत्या. म्हणजे विषय आहे तोवर नोकरी.

“लिहिलेलं कुणीही वाचेल,” त्या म्हणायच्या, “तुम्ही न लिहिलेलं वाचा.” या न लिहिलेल्याला त्यांचा शब्द होता अनुपस्थिती. एखाद्या पत्रात सगळ्यांची चौकशी आहे आणि आईचीच नाही, तर ते पत्र आईबद्दलच आहे, असं काहीतरी. काहीतरी म्हणते, कारण नक्की काय ते मला आजही सांगता येणार नाही.

“कळतंय कळतंय वाटतं,” शंका म्हणायचा, “तोवर घंटा होते. आणि घंटेबरोबर कळलेलंही जातं.”

तर अभिप्रायाचा कागद. प्रश्न तिसरा: या विषयात तुम्हाला सर्वांत जास्त काय आवडलं? मी झोकात लिहिलं, ‘मॅडमची अनुपस्थिती मला फार आवडली. तिच्यामुळेच मी खूप शिकले.’

शंकेनं मान लांब केली. “भारी आहे गं. मीही तेच ठोकतो.”

त्याचं बघून मागच्या बाकानं ठोकलं. अकरापैकी सात कागदांवर तेच वाक्य गेलं. त्यातल्या तिघा मुलग्यांनी तर ‘शिकले’सुद्धा तसंच उतरवलं. नकलेलाही अक्कल लागते, म्हणतात ते उगीच नाही.

चौथ्या दिवशी हेडक्लार्कनी मला जिन्यात गाठलं. सगळं कॉलेज त्यांना भाऊसाहेब म्हणतं.

“काय गं, तुमच्या मॅडम सत्रभर यायच्याच नाहीत म्हणे?”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच की! सात-सात जणांनी लिहून दिलंय. वर म्हणे, फार आवडलं! प्राचार्यांनी विषय बंद करायची नोटीस टाइप करायला दिलीये मला.”

मी धावत स्टाफरूममध्ये गेले. मॅडम खणातली पुस्तकं पिशवीत भरत होत्या. मला बघून हसल्या, पण ते हसू ओठांपर्यंतच.

“मॅडम, आम्ही तसं नव्हतं लिहिलं!”

“मला माहीत आहे, बाळ. पण लिहिलंय तेच वाचलं त्यांनी. शिकवलं मी तुम्हाला, त्यांना थोडंच शिकवलंय?”

“मग तुम्ही सांगा ना त्यांना.”

“मी सांगितलं तर ती सारवासारव वाटेल. तू सांग.”

मी शंकेला बखोटीला धरून प्राचार्यांकडे नेलं. प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांच्यापुढे एका बाजूला आमचे सात कागद होते आणि दुसऱ्या बाजूला हजेरीपट.

“सर, हजेरीपट बघा ना,” मी म्हटलं. “मॅडमच्या रोजच्या सह्या आहेत.”

“तोच तर प्रश्न आहे. सह्या म्हणतात रोज हजर, मुलं म्हणतात अनुपस्थित. म्हणजे सह्या खोट्या?”

झालं! आगीतून फुफाट्यात. आता नोकरी तर जाणारच, वर बट्टाही लागणार.

“नाही सर! त्या रोज यायच्या. येऊन अनुपस्थिती शिकवायच्या.”

“म्हणजे जे नाही, ते शिकवायच्या?”

“हो सर.”

“आणि त्याचे तास लावायच्या?”

“सर, तसं बघितलं तर,” शंकेनं सवयीनं हात वर केला, “हजर असणं म्हणजे तरी नक्की काय?”

“तू हात खाली घे!” मी आणि प्राचार्य एकदमच म्हणालो.

माझी मती गुंग झाली होती. मॅडमची वाक्यं आठवत होती, पण एकाचं शेपूट दुसऱ्याला. अशा वेळी देव आठवतो म्हणतात, मला काका आठवले. माझे काका दिवसा शिलाई मशिनं दुरुस्त करतात आणि आठवड्यातून एकदा गात गात प्रवचन करतात. मी डोळे मिटले आणि त्यांचं पालुपद सरळ गायलाच लागले:

“हाक मारली मी तुला, ओ मात्र दिली...”

आणि थांबले. काका तिथेच थांबतात.

दारात भाऊसाहेब नोटीस घेऊन उभे होते.

“पुढे?” प्राचार्य म्हणाले.

“पुढे नाही, सर.”

“नाही कसं? ओ कुणी दिली?”

“तेच, सर! तुम्ही आत्ता विचारलंत ना, तीच अनुपस्थिती. काका ओळ अर्धी सोडतात, अन् सगळी सभा ती पुरी करते. मॅडम तेवढंच शिकवतात. निदान मला तरी तेवढंच वाटतं.”

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मला काही कळलं नाही.”

“आम्हालाही नाही, सर,” शंका म्हणाला. “पण रोज नव्यानं कळत नाही. बाकीच्या विषयांत एकदाच कळत नाही.”

प्राचार्यांनी भाऊसाहेबांच्या हातातली नोटीस घेऊन खणात टाकली. “सातही जणांनी उद्या कागद परत भरायचे. साध्या मराठीत. मग बघू. आणि तू, ती ओळ पुरी करून आण. तोवर जेवण गोड लागायचं नाही मला.”

घरी आले तर काका एका मशिनाचं पोट उघडून बसले होते. मी विचारलं, “काका, ओ कुणी दिली?”

“म्हणजे?”

“तुमच्या पालुपदात. पुढचा शब्द काय आहे?”

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “मला सुचलाच नाही गं कधी. पहिल्यांदा गायलो तेव्हाच अडखळलो होतो, तर तुम्ही सगळ्यांनी जोरात काहीतरी म्हटलंत. मला वाटलं, चला, यांना ठाऊक आहे!”

“मी तर ‘मीच’ म्हणते.”

“तुझी काकू ‘त्याने’ म्हणते,” काका म्हणाले आणि त्यांनी परत स्क्रू ड्रायव्हर उचलला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद परत भरायला बसलो, तेव्हा मॅडम वर्गाच्या दाराशी उभ्या होत्या. पुस्तकांची पिशवी अजून खांद्यालाच. शंकेनं मान लांब केली.

“माझं बघू नकोस,” मी म्हटलं आणि तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं: ‘मॅडम रोज हजर होत्या. मी प्राचार्यांना त्या ओळीचा शब्द आणून देऊ शकले नाही, तो काकांकडेही नाही, प्रत्येकाचा वेगळा आहे. म्हणून हा विषय पुढच्या वर्षीही हवा.’