तयार हाय

उत्तर आधी.

केस इंटरव्ह्यूसाठी, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवून ती सोडवायला लावतात त्या मुलाखतीसाठी, असंच शिकवतात. निष्कर्ष आधी, कारणं मागून, समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही. तर उत्तर असं: मेघालीला ती नोकरी मिळाली नाही. मुंबईतल्या ज्या कन्सल्टिंग कंपनीत तिला जायचं होतं, तिथे आता दोन वर्षं पुन्हा अर्जही करता येणार नाही. तसा त्यांचा नियम आहे.

आता कारणं. कारणं तीन हवीत.

कारण पहिलं: गेल्या वेळी ती फार लवकर तयार झाली

गेल्या वर्षी तिने दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केला आणि त्याच दिवशी अभ्यासाला लागली. शिरगावच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली उभी राहून ती मोठ्याने केस सोडवायची: देशात टायर किती विकले जातात, सिमेंटवाल्याचा तोटा कशाने झाला. कॉलेजातली मैत्रीण किंजल बंगळुरात अशाच कंपनीत होती, ती फोनवर प्रश्न विचारायची. महिने गेले. इंटरव्ह्यूचा फोन आलाच नाही. शेवटी शेवटी किंजल वैतागली.

"तू विचार करत नाहीस गं आता. म्हणून दाखवतेस. शाळेतली कविता असल्यासारखं."

म्हणून यंदा मेघालीने ठरवलं होतं, आधी बोलावणं, मग तयारी. बोलावल्यावर दोन-तीन आठवडे मिळतातच, असं सगळे लिहितात. तेवढ्यात होतं. अर्ज पाठवला आणि पुस्तकाला हात लावला नाही. हात लावला तर फोन येणार नाही, असंही तिला वाटत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

कारण दुसरं: फोन गेटवर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला तिचा कारखाना. आत चटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटचे ड्रम, त्यामुळे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो आणि सुटताना परत मिळतो. अर्जात दुसरा नंबर विचारला होता, तिथे तिने आईचा दिला.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली तर आई, विजया, ओट्यावर चिकू निवडत बसली होती.

"अगो, तुज्या मुंबईवाल्यांचा फोन आलेला."

मेघालीने एक चप्पल काढली होती. दुसरी पायातच राहिली.

"काय म्हणाले?"

"बाई होती. गोड बोलत होती, हिंदीत. तू फोन उचलत नाय म्हणाली. या शुक्रवारी घेऊ का दोन-तीन आठवड्यांनी, असं विचारत होती. मेघाली तैयार है क्या?"

"मग तू?"

"मी सांगितला, तयार हाय."

"आई!"

"काय आई? हायस ना? गेल्या पावसात झाडाखाली उभी राहून कावळ्यांना इंग्लिश शिकवत होतीस, ती काय मजा म्हणून?"

वाडीत 'तयार' हा शब्द चिकूला लावतात. तयार चिकू म्हणजे पिकलेला नव्हे. तो दगडासारखा कडक असतो, पण झाडावरून उतरवायला हरकत नसते, पिकायचं ते घरी पेंढ्यात. विजयाने पोरीबद्दल तेवढंच सांगितलं होतं. फोनवरच्या बाईने शुक्रवार पक्का करून टाकला.

कारण दुसरं, अजून

त्याच रात्री मेघाली कंपनीला मेल लिहायला बसली.

*माझ्या आईच्या गैरसमजामुळे*

खोडलं. आई शेजारीच बसली होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी खोडलं.

*अचानक प्रकृती बिघडल्यामुळे*

"आजारी म्हणालीस तर शुक्रवारपर्यंत आजारीच राहा मग," फोनवर किंजल म्हणाली. "सरळ माग. दोन आठवडे द्या म्हण. लोक मागतात, देतात."

*शक्य असल्यास दोन आठवड्यांनंतरची वेळ*

पाठवलं. मंगळवारी सुटताना गेटवर फोन हातात आला, तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. आपण तयार असल्याचं कळल्यामुळे नंतरच्या वेळा इतरांना दिल्या आहेत. शुक्रवारी ऑनलाइन येणार, की अर्ज मागे घेणार?

"किंजल, एवढ्या दिवसांत होतं?"

"खरं सांगू?"

"नको."

"चौकट तरी आठवते का? नफा, उत्पन्न, खर्च?"

"चौकट आठवते. आत काय भरायचं ते आठवत नाही."

मेघालीने शुक्रवारी येते म्हणून कळवलं. दुसरं काय म्हणणार?

कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुना जेमतेम गुलाबी होईपर्यंतच ब्युरेटमधून थेंब सोडायचे असतात; ते सोडताना ती पुटपुटत होती, उत्पन्न वजा खर्च, उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले गिऱ्हाईक. शेजारच्या टेबलावरून जितेश म्हणाला, "मॅडम, गुलाबी केव्हाच झालं. आता सरबत झालंय." तिने ते ओतून टाकलं आणि नवा नमुना घेतला. त्याचंही सरबत झालं.

शुक्रवार

लॅपटॉपच्या पडद्यावरचा माणूस सभ्य होता. पाळीव जनावरांच्या दवाखान्यांची एक साखळी आहे, तो म्हणाला. गिऱ्हाइकं वर्षाला दोन मिलियन. नफा घटतोय. का?

"एक मिनिट घेऊ?"

"जरूर."

उत्पन्न. खर्च.
उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले कुत्रे
कुत्रे नाही, माणसं. माणसं कुत्र्यांना घेऊन येतात
मांजरं
बाहेर आई कुणाला तरी सांगतेय, हळू बोल, आत चालू हाय
दोन मिलियन म्हणजे लाखात
वीस. दोन. वीस?
चौकट काढ आधी, चौकट
किती वेळ झाला, हा घड्याळाकडे बघतोय का
दोन

"वर्षाला दोन लाख गिऱ्हाइकं धरली तर," ती म्हणाली.

"तेवढा आकडा पुन्हा एकदा बघता?"

तो हात देत होता. तिला वाटलं, डगमगते का ते बघतोय.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

त्यानंतरचं सगळं त्या आकड्यावर उभं राहिलं. तो रागावला नाही. फक्त त्याने टिपून घेणं थांबवलं. वेळ शिल्लक असतानाच त्याने विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

इथे विचारायचे छान प्रश्न किंजलने पाठवले होते. तिला एकही आठवला नाही.

"तयारी साधारण कधी सुरू करावी?"

तो पहिल्यांदाच हसला. "बोलावणं यायच्या आधी." मग थोडा विचार करून, "पण फार आधी नको."

नकाराची मेल दिवेलागणीलाच आली.

कारण तिसरं

कारण तिसरं:

(सापडलं नाही.)

"मी 'नाय' म्हणायला हवा होता का गो?" विजयाने दारातून विचारलं.

मेघाली उठली. खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर ठेवली.

"इथे बस."

"मी? कशाला?"

"जनावरांच्या दवाखान्यांचा नफा घटलाय. मी कारण सांगते. मी काहीही सांगितलं की तू म्हणायचं, असं का? बस्स."

"मेघाली, जेव आधी. दोन वर्षं हायत ना आता."

"बस आई."

विजया बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"नफा का घटला?"

"उत्पन्न कमी झालंय. गिऱ्हाइकं वीस लाख, दोन लाख नाही. वीस."

"बरा. असा का?"

"नवीन दवाखाने निघालेत जवळपास. तिकडे स्वस्त आहे."

"असा का?"

"त्यांचं भाडं कमी आहे. ते गल्लीत आहेत, हे रस्त्यावर."

"असा का?"

"कारण यांनी जागा आधी घेतल्या. फार आधी. तेव्हा गिऱ्हाइकंच नव्हती." तिचा आवाज चिरकला. "विचार."

"बस झाला गो."

"विचार!"

विजयाने तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तिथे कुणी नव्हतं.

"असा का?" तिने विचारलं, आणि मेघालीने पुढचं कारण सांगितलं.