खिडकीतली हजेरी

शरदाचं कोवळं सुवर्ण कालव्याच्या हरितवर्ण जळावर सांडलं होतं. व्हेनिसच्या संगमरवरी सज्जांवर, घंटाघरांच्या उन्नत शिखरांवर, बंद दारांवर ठोकलेल्या आडव्या फळ्यांवरही तेच सुवर्ण. उन्हाला प्लेगचं काही सोयरसुतक नव्हतं.

नगरीचा नियम साधा होता. ज्या घरात प्लेगचा संशय, त्या घराला बाहेरून फळ्या. रोज सकाळी पहारेकऱ्याने खालून नावं पुकारायची, आतल्यांनी खिडकीत येऊन तोंड दाखवायचं. जो दिसला नाही तो आजारी. त्याची रवानगी रुग्णांच्या बेटावर. त्या बेटावरून परतणारे थोडेच.

पहारेकरी बोर्तोलोने कालव्याकाठच्या अशाच एका घराचा पहारा मागून घेतला होता. आत त्याची म्हातारी आई होती, विधवा वहिनी होती, वहिनीची लेकरं होती. हे त्याने वरिष्ठांना मुळीच कळू दिलं नव्हतं.

"झानेत्ता!" वहिनी आली. मागोमाग लेकरं आली. जांभया देणारी, विस्कटलेल्या केसांची, प्रभातसुंदर लेकरं.

"पास्कुआ!" त्याने आईचं नाव पुकारलं.

खिडकी रिकामी. वर निळं निरभ्र आकाश, खाली हिरवं निश्चल पाणी, आणि मध्ये तो काळोखा चौकोन.

"सासूबाई पीठ मळताहेत, भावजी," वहिनी म्हणाली. बिचारीला धड खोटंही बोलता येत नसे.

"बरं, बरं," तो म्हणाला, आणि 'सगळे ठीक' अशी आरोळी द्यायला त्याने तोंड उघडलं. आई बेटापासून वाचली असती. लेकरांचं काय, हा विचार त्याने मनात शिरूच दिला नाही.

तेवढ्यात म्हातारी आली. भिंत धरत, ज्वराने रक्तवर्ण झालेली, मानेवरची गाठ उघडी टाकून. लेकरांना तिने हातानेच लांब व्हायला खुणावलं.

"बोर्तोलो, आधी ही माझ्यासाठी खोटं बोलली, आता तू बोलायला निघालास. आणि या पोरांनी काय करायचं? माझ्या उशाशी झोपायचं? होडी बोलाव."

"आई, ते बेट..."

"ठाऊक आहे मला बेट. फळ्या काढ आधी."

त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. त्याने फळ्या काढल्या, बेटाच्या होडीला हाक मारली.

कालव्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या. रुग्णाला शिवायचं नाही, लांब काठीने अंतर राखायचं, असा हुकूम. त्याने काठी पुढे केली. म्हातारीचा पाय घसरला आणि तिने काठीचं दुसरं टोक घट्ट धरलं.

नियमाप्रमाणे काठी हिसकून घ्यायला हवी होती. त्याने ती अधिकच घट्ट धरली.

एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मुलगा. मध्ये काठीभर ऊन, काठीभर वारा. एक पायरी ती, एक पायरी तो, दोघं पाण्याकडे उतरत गेली.