मेमेरचं तळं

कोळंबीच्या बोटीवरच्या, जाळं ओढायच्या रहाटाने युलिस व्हर्डिनचा उजवा खांदा उखडला आणि तो आपल्याच बायूत, दलदलीतल्या त्या संथ खाडीत, पाहुणा झाला. ज्या पाण्यावर बाप-आजा वाढले, तिथे त्याला साधं वल्हं मारता येईना. पुतण्या लेस्टर दर शनिवारी त्याला आपल्या बोटीत बसवून न्यायचा. पोरगा मनाने चांगला, पण जीभ मिरचीची. "नॉन्क, तुम्ही नुसते बसा," तो म्हणायचा, "पोत्याला कुणी काम सांगतं का?" काकाला नॉन्क आणि काकूला तांत म्हणणारा हा एकुलता एक पुतण्या. बोटीतले सगळे हसत, युलिसही हसे आणि घरी येऊन बायकोवर, ओडेलियावर, डाफरे.

म्हणून त्याला पायडलची कयाक, एकट्यापुरती निमुळती होडी, हवी होती. सायकलसारखे पाय मारायचे, खालचा पंखा फिरतो, हात गळाला मोकळे. पाय अजून शाबूत होते त्याचे. नवी घ्यायची तर ट्रक विकावा लागला असता, तेव्हा जुनी शोधणं आलं.

जुनी सापडली प्रेस्टनकडे. हा बॅटन रूज शहरातला विमेवाला, बायूकाठी खांबांवर सुट्टीचं घर बांधून बसलेला. कयाक घराखाली टांगलेली होती, कोळिष्टकांनी भरलेली. युलिसने ती उतरवून पालथी घातली. पायडल बसतं त्या खाचेच्या कडेने अंगठा फिरवला, कारण चीर पडते ती तिथेच. पंखा हाताने फिरवून कान लावला. एक ओरखडा नव्हता. पैसेवाल्यांची हौस, घेतली आणि टांगली.

"बावीसशे," प्रेस्टन म्हणाला.

"माझ्याकडे अठराशे आहेत. मागेपुढे काही नाही."

"नेणार कुठे पण हिला, मिस्टर युलिस?"

"पाण्यात."

प्रेस्टन मोठ्याने हसला. "बरं, परवा तुमच्या हातात तो तांबडा मासा होता, एवढा मोठा. तो कुठे मिळाला?"

"तोंडात. गळ तिथेच लागतो."

बायूवर या प्रश्नाला हेच उत्तर देतात. जागा कुणी कुणाला सांगत नाही. जावयालासुद्धा पहिलं नातवंड होईपर्यंत सांगत नाहीत. पण प्रेस्टनने दोन थंडगार बाटल्या आणल्या, पायरीवर शेजारी बसला आणि म्हणाला, "तीन वर्षं झाली हो, मला नुसते शिंगाळेच लागतात. मुलगा हसतो मला. तुमच्यासारखा जाणता माणूस एक जागा सांगेल तर अठराशेलाच घेऊन जा."

युलिसला वाटलं, सांगून काय बिघडतं? आंधळ्याला पत्ता दिल्यासारखंच ते. याची ती जाडजूड बोट तिथल्या गुडघाभर पाण्यात शिरणार कशी? आणि खरं सांगायचं तर खांदा गेल्यापासून दोन वर्षांत त्याचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्याने सांगायला सुरुवात केली आणि मग जीभ थांबेना. आजीच्या नावाचं मेमेरचं तळं. वाळलेल्या ओकांची रांग, तिच्या मागे कालव्यांच्या शिंपल्यांचा उंचवटा, डावीकडे गवतात लपलेलं तोंड. उत्तरेचा पहिला गार वारा सुटला की तांबडे आत येतात आणि पाणी उतरलं तरी तिथेच खोलात थांबतात. प्रेस्टन मान हलवत राहिला. त्या संध्याकाळी युलिस फार सुखात होता.

"चारशे कमी? कसे केले रे?" ओडेलियाने विचारलं.

"बोलण्यात गुंडाळला शहरी बाबाला," युलिस म्हणाला.

पुढचे दोन महिने त्याचे होते. सकाळी एकटाच निघायचा, कुणाच्या मिनतवाऱ्या नाहीत, कुणाचे टोमणे नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मासे वाटायला लागला. लेस्टर म्हणाला, "नॉन्क, पोतं चालायला लागलं की!" त्यालाही युलिसने एक मासा दिला, जरा लहान बघून.

नोव्हेंबरात वारा फिरला. युलिस पायडल मारत ओकांच्या मागे गेला, तर गवतातल्या त्या तोंडावर लोखंडी दोर ताणलेला. मधोमध पाटी: खाजगी क्लब, सभासदांखेरीज प्रवेश बंद. आत तीन चपट्या बोटी होत्या, दलदलीत चालणाऱ्या, नव्याकोऱ्या. एकीतून प्रेस्टनने हात हलवला आणि दोराजवळ आला.

"मिस्टर युलिस! कशी चालते कयाक?"

"हे काय आहे?"

"आम्ही मित्रांनी भाड्याने घेतलं, जमीनवाल्या कंपनीकडून. कागदोपत्री सगळं चोख आहे."

"पाणी भाड्याने घेतलंत? इथे समुद्राची भरती येते!"

"पाणी असेल कुणाचंही. खालचा चिखल कंपनीचा ना!" प्रेस्टनचा आवाज अगदी मऊ होता. "तुम्हाला कुठे परकं मानतोय आम्ही? आधी एक फोन करायचा आणि यायचं. उलट पाहुणे असले की तुम्हीच चला आमच्या बोटीत. बसून नुसतं बोट दाखवायचं. रोजचे दीडशे देऊ."

युलिसच्या तोंडात शिवी आली होती. पण मागे दोन माणसं ऐकत होती, आणि शिवी दिली असती तर प्रेस्टन म्हणाला असता, तुम्हीच तर सांगितलंत. त्याने कयाक वळवली.

दुपारपर्यंत बायूभर बोंब झाली. तळं गेलं यापेक्षा ते सांगितलं कुणी, याचीच चर्चा जास्त. रविवारी लेस्टर नेहमीप्रमाणे जेवायला आला. ओडेलियाने गंबोची, दाट रश्श्याची, वाटी त्याच्यापुढे आदळली.

"तूच बरळलास ना? त्या शहरवाल्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, त्यांच्याबरोबर पितोस."

"मी? तांत, आईची शपथ! मी कुणाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगत नाही, तळ्याचा काय सांगणार?" लेस्टर काकाकडे वळला. "नॉन्क, तुम्ही सांगा ना हिला. दोन वर्षं तुम्हाला तिथे मी नेत होतो. मी असा आहे का?"

युलिसला सांगता आलं असतं. दोन शब्द पुरे होते. पण सांगितलं असतं तर उद्या दुकानात, परवा चर्चच्या दारात सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं असतं, आणि पोतं हा शब्द आठवला. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, शांत, मोठ्या माणसाचा.

"पिताना निघालं असेल तोंडातून. पोरगा आहे, ओडेलिया. जाऊ दे."

लेस्टरने ज्या रीतीने चमचा खाली ठेवला, त्यावरून युलिसला कळलं की याला सगळं कळलं. तो उठला, टोपी घेतली आणि गेला. ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत ओडेलिया दारात उभी होती.

"परत पाऊल टाकून तर बघू दे या घरात," ती म्हणाली आणि लेस्टरची वाटी युलिसपुढे सरकवली. "तू खा. तुझा बिचाऱ्याचा काय दोष?"

गंबो अजून गरम होता. युलिसने वाटी ओढून घेतली आणि त्यात भात कालवला.