थंडीतलं गिऱ्हाईक

तिने बॅगेवर गुडघा रोवला, दोन्ही हातांनी चेन ओढली आणि चेन मध्येच अडली. नवऱ्याच्या स्वेटरची बाही दातांत सापडली होती.

"सहा दिवसांना एवढे कपडे?" तो दारातून म्हणाला.

"आठही लागतील. मी बोलावल्याशिवाय यायचं नाही."

"म्हणजे घालवून देतेयस मला."

"लेकीकडे पाठवतेय. घालवून देणं वेगळं असतं."

त्याने पुढे होऊन बाही अलगद सोडवली, चेन बंद केली आणि बॅग उचलली. तो आयुष्यभर नकाशे काढत आला होता. त्याच्या हातून कुठलीही गोष्ट वाकडी होत नसे. तिच्या मते सगळी अडचण तिथेच होती.

घर विकायला काढून तीन वर्षं झाली होती. घर वाईट नव्हतं. दोन खोल्या, पुढे जाळीची गॅलरी, मागच्या खोलीशेजारी स्वयंपाकघर. पण ते घेतलं तेव्हा मागे मोकळी जागा होती आणि नवव्या वर्षी तिथे बर्फाचा कारखाना उभा राहिला, अगदी भिंतीला भिंत लावून. ऊन तापायला लागलं की कारखाना सुरू व्हायचा आणि पुढचे आठ-नऊ महिने भिंत घुमत राहायची. मांडणीतले चमचे एकमेकांवर वाजायचे. नवऱ्याने घरी नकाशाचं काम आणणं त्याच वर्षी सोडलं, कारण रेघ थरथरायची. त्यांनी अर्ज केले. आवाज मोजायला माणूस आला तोही नेमका थंडीत. यंत्र भिंतीला लावून तो म्हणाला, "इथे तर मुंगीचाही आवाज नाही."

दलालाचं म्हणणं होतं की घरं उन्हाळ्याच्या तोंडाशी विकली जातात. शाळा संपतात, बदल्या होतात, लोक घर बघायला बाहेर पडतात. म्हणजे बाकी जगाचा जो सुगीचा काळ, तो यांचा दुष्काळ. यांना उरायचे थंडीचे तीन महिने. तेव्हा भिंत गप्प असायची, पण तेव्हा गिऱ्हाईकही घरात गुरफटून बसायचं. दलाल दर आठवड्याला फोनवर सांगायचा, "आज नाहीतर उद्या येईलच कुणीतरी." घरात त्याचं नावच 'आजउद्या' पडलं होतं.

आणि तरीही दोन गिऱ्हाइकं आली होती. दोन्ही नवऱ्याने घालवली.

पहिल्या वर्षी एक जोडपं आलं होतं. बाई खिडकीशी उभी राहून "किती निवांत आहे हो," म्हणाली आणि हा लगेच म्हणाला, "आत्ता आहे. एकदा एप्रिलमध्ये या." दुसऱ्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना तर याने कारखान्याचं वेळापत्रकच काढून दिलं, स्वतःच्या सुबक अक्षरात. त्या दिवशी तिने कपबशा इतक्या जोरात विसळल्या की एका कपाचा कान तुटला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नव्हतं विचारलं."

"मग?"

"अगं, ते राहणार इथे. आपण काय, निघून जाणार."

यंदा ती घाईला आली होती, त्याला कारण होतं. एका शाळेच्या ग्रंथालयात तिची नोकरी होती. दिवसभर ती पोरांना बोटाच्या इशाऱ्यावर गप्प बसवायची आणि संध्याकाळी घरी येऊन घुमणाऱ्या भिंतीपुढे हात टेकायची. पण निदान दिवस तरी शांततेत जायचा. एप्रिलमध्ये ती निवृत्त होणार होती. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, दिवसरात्र, त्या भिंतीशी गाठ. डोकेदुखीच्या गोळ्या आत्ताच दिवसाला दोन होत्या. नवऱ्याचा रक्तदाब उन्हाळ्यात वर जायचा, तो रात्र रात्र गॅलरीत बसून काढायचा. लेकीच्या गावात तिच्या घराजवळ एक छोटी जागा त्यांनी बघून ठेवली होती. ती जागा काही जन्मभर थांबणार नव्हती.

नवरा गेला आणि चौथ्या दिवशी आजउद्या एका मुलीला घेऊन आला.

मुलगी तिशीची असेल. एकटीच होती. तिने नळ सोडून पाहिले नाहीत, की कपाटं उघडली नाहीत. मागच्या खोलीत गेली, खिडकी लावली आणि डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ. आजउद्याने घसा खाकरला तर तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"काकू," मुलगी डोळे उघडून म्हणाली, "इथे काहीच ऐकू येत नाही."

"हो ना," ती म्हणाली.

"मी पुस्तकं वाचते. म्हणजे मोठ्याने. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आवाज रेकॉर्ड करून देते. आत्ताच्या खोलीवर वर पोरं उड्या मारतात, शेजारी कुत्रा. शेवटी मी कपाटात बसते, डोक्यावरून दुलई घेऊन. परवा एक बर्फाच्या वादळाचा प्रसंग वाचत होते आणि घामाने नुसती निथळत होते."

ती हसली. मुलगीही हसली. मग तिने आपल्या नोकरीचं सांगितलं. मुलीने विचारलं, ग्रंथालयात वाचायला काय काय आहे, आणि दोघी अर्धा तास पुस्तकांवर बोलत बसल्या. आजउद्या घड्याळाकडे बघत राहिला. जाताना मुलगी म्हणाली, "माझं ठरलं. उद्या सकाळी टेबलाचं माप घ्यायला येते, तेव्हाच कागदावर सही करू."

दार लावून ती खुर्चीवर बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मध्ये तोंड घातलं नव्हतं. कसं सरळ, सुरळीत झालं होतं सगळं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न काय असणार हे तिला पाठ होतं: सांगितलंस का तिला? उत्तरंही तिने तयार ठेवली होती. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आपलंही वय झालं. तुमच्या खरेपणाने आपण दोन उन्हाळे जास्त काढले. एकेक उत्तर धार लावून ठेवलेलं.

तिने मुलीचं सगळं सांगितलं. कपाट, दुलई, मिटलेले डोळे. नवरा ऐकत होता.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. भिंतीचं बोललीस?"

"नाही." तिने श्वास घेतला. "आणि मी तुम्हाला स्पष्टच सांगते..."

"मग नको बोलूस," तो म्हणाला.

"काय?"

"सांगू नकोस तिला. होऊ दे सही."

"तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतोय. इथे मी सकाळी सातला उठतो गं. तिकडे थंडीत भिंत गप्प असली तरी मला जाग असतेच. लेकीला वाटलं, मला बरं नाही. डॉक्टरला बोलावत होती. मी म्हटलं, अगं, मी नुसता झोपलो होतो. पुन्हा त्या गॅलरीत बसायची ताकद नाही माझ्यात. बाकी काय असेल ते असो."

तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

धार लावलेली सगळी उत्तरं तशीच राहिली. तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तिने मांडणी पुसायला घेतली. चमचे काढले, पुसले, पुन्हा लावले. मनासारखं झालं होतं, तर मग हे काय होतं? तीन वर्षं ती या माणसाशी भांडत आली होती. त्याने एकदा तरी गप्प बसावं, एवढंच तिचं मागणं. आता तो गप्प बसला होता, आणि घरात खरं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जेवायला वाढून घेतलं. ताट झाकून ठेवलं आणि सगळे चमचे पुन्हा एकदा पुसले.

सकाळी मुलगी मोजायची टेप घेऊन आली. मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून तिने भिंतीचं माप घेतलं, हातावर पेनाने आकडा लिहिला.

"टेबल इथेच," मुलगी म्हणाली. "अगदी या भिंतीला लावून."

"तिथे नको," ती म्हणाली.

"का?"

"ही भिंत बर्फाच्या कारखान्याची आहे. आत्ता बंद आहे तो. तीन आठवड्यांत सुरू होईल, मग पुढच्या थंडीपर्यंत बंद व्हायचा नाही. टेबल कुठेही लावलंस तरी तुला इथे वाचता येणार नाही. आम्हाला इथे धड झोपताही येत नाही."

एका दमात निघालं सगळं. मुलगी गुडघ्यांवरच होती. टेप सर्रकन आत गेली. तिला वाटलं, आता ही आभार मानेल.

"काल का नाही सांगितलंत?" मुलगी उठत म्हणाली. आवाज चढला नव्हता; वाचायची सवय असलेला तो आवाज होता, प्रत्येक शब्द सुटा. "मी काल रात्री घरमालकाला खोली सोडते म्हणून सांगितलं. त्याने लगेच दुसरा भाडेकरू ठरवला."

"काल सांगायचं नव्हतं मला."

"आणि आज?"

"आज ह्यांनी सांगू नकोस म्हटलं," ती म्हणाली.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली, वेड्या माणसाकडे बघावं तशी. मग तिने पर्स उचलली आणि गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तासाभराने आजउद्याचा फोन आला. तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. तुमच्या घरात एक होते तेच पुरे होते, तो म्हणाला, आता तुम्हीपण? पुढच्या थंडीपर्यंत माझ्याकडे गिऱ्हाईक मागू नका. मुलीला तो दुसरीकडे काहीतरी दाखवणार होता. गावाबाहेर आहे, पण शांत आहे. "तिची काळजी करू नका," तो म्हणाला, "स्वतःची करा."

दुपारी नवऱ्याचा फोन आला. तिने तो चार वेळा वाजू दिला.

"झाली सही?"

"नाही."

"का गं?"

खिडकीबाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. कालच्यापेक्षा किंचित जास्त तापलेलं.

"स्वयंपाकघर लहान वाटलं तिला," ती म्हणाली.

"तू भिंतीचं काही बोलली नाहीस ना?"

"नाही हो. तुम्हीच म्हणालात ना, सांगू नकोस म्हणून."

त्याने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "लहान आहेच आपलं स्वयंपाकघर. त्याला कोण काय करणार?" मग म्हणाला, "मग मी निघू आता? संध्याकाळची गाडी मिळेल."

"नको," ती म्हणाली. "आठवडाभर राहा अजून. झोपून घ्या."