रामनामावर चालणारी गाडी

अंबडच्या बद्रीनाथरावांना नाद दोनच, एक कीर्तनाचा अन् दुसरा लाल गाडीचा. कीर्तनाने त्यांचं कधी काही वाईट केलं नाही.

गाडी जुनी, दोन दारांची, दोनच माणसांची. बुटकी इतकी, की गतिरोधकावरून जाताना आत बसलेला माणूस आपसूक पोट आत ओढून घेई. अंकुशनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन निघालेल्या एका साहेबांनी ती त्यांना दिली तेव्हा बजावलं होतं, ही शर्यतीच्या जातीची आहे, हिला हळू चालायची सवय लावू नका. बद्रीनाथरावांनी ती लावलीच नाही. गाडीने मात्र मधेच उभं राहायची सवय स्वतःहून लावून घेतली. पेट्रोलचा काटा मेलेला, हॉर्न मुका. बायको गोपिकाबाई म्हणत, "आवो, हिच्यात बसणारापरीस ढकलणाराला जास्त पुण्य लागंल."

दुखणं असं, की घरून निघताना गाडी फुरफुरत निघायची. गाव मागे पडलं, वेग आला, गडी खुशीत येऊन अभंगाला तोंड फोडतो न फोडतो, तोच तिचा जोर जायचा. पाय दाबावा तशी आणखीच गळपटायची, दोन गचके द्यायची आणि गप्प. भुजंग मिस्त्रीने कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलले, पेट्रोलची नळी फुंकली. पण गॅरेजच्या दारात ती शहाण्या लेकरासारखी गुरगुरत राही. शेवटी त्याने हात जोडले. "मामा, हिला मरताना घेऊन या. धडधाकट असताना मी काय नाडी बघू?"

बद्रीनाथरावांनी मग स्वतःच इलाज काढला. गाडी बंद पडली की ते खाली उतरत. काटा मेलेला, म्हणून टाकीचं झाकण उघडून लिंबाची काडी आत बुडवत. पेट्रोल भरपूर दिसे. झाकण घट्ट लावून ते बॉनेटवर हात ठेवत, डोळे मिटून रामनाम घेत आणि किल्ली फिरवत. गाडी सुरू. दर खेपेला सुरू. आपली गाडी नामावर चालते हे त्यांनी सगळ्या अंबडला सांगितलं, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना थांबवून पुन्हा सांगितलं.

त्याच जोरावर त्यांनी जांबच्या उत्सवात एक सेवा मागून घेतली होती. शिवकन्याताई कीर्तनकार अंबडच्याच. त्यांना जांब समर्थला वेळेवर पोचवायचं. तासभर एका कीर्तनकाराशेजारी बसायला मिळणार, मनातल्या शंका विचारता येणार, या आनंदात त्यांना दोन दिवस जेवण सुचलं नाही. कारभारी नावाचा त्यांचा मेहुणा उत्सवाचा व्यवस्थापक. त्याने सेवा दिली, पण बजावूनच दिली. "दाजी, मंडपात लोक बसलेले अन् ताई रस्त्यात, असं झालं तर ही सेवा पुन्हा तुमच्याकडं बिलकुल न्हाई. मी सरळ जीप धाडीन."

निघाले तेव्हा ऊन अजून कडक होतं. कीर्तन उन्हं उतरताना. अर्ध्या वाटेत गाडी पहिल्यांदा बसली. बद्रीनाथरावांनी काडी घातली, नाम घेतलं, गाडी सुरू झाली. त्यांनी ताईंकडे असं पाहिलं, जणू राम त्यांच्या ओळखीचाच. ताई नुसत्या हसल्या.

घनसावंगीच्या पुढे, दोन्हीकडे कापूस, माणूस दिसेना, तिथे ती पुन्हा बसली. बद्रीनाथराव काडी घेऊन उतरले, तशा ताईही खाली आल्या.

"काका, ही नामानं सुरू होती का काडीनं?"

"नामानं, ताई. काडी फक्त पेट्रोल बघायला."

"मंग पेट्रोल आत्ताच तर बघितलं. आता नुसतं नाम घ्या."

बद्रीनाथरावांनी नाम घेतलं. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि थांबलं. त्यांनी आवाज चढवून घेतलं. तेच. कीर्तनकारासमोर रामाने असं करावं? गेल्या एकादशीला साबुदाण्याचे वडे मोजून खाल्ले नव्हते ते त्यांना आठवलं. मेहुण्याचं तोंड आठवलं, त्याची जीप आठवली. डोळ्यांत पाणी यायला लागलं. ते पाहून ताईंनी स्वतः नाम धरलं, खणखणीत, कीर्तनात धरतात तसं. गाडी हलली नाही. ताईंच्या नामालाही ती दाद देईना म्हटल्यावर मात्र बद्रीनाथरावांना मनातून जरा बरंच वाटलं.

"आता नाम ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाल्या. "काडी घाला."

त्यांनी झाकण फिरवलं. सूंऽऽ असा लांब आवाज झाला. श्वास कोंडलेल्या माणसाने अखेर तोंड उघडावं तसा. हा आवाज त्यांनी दर खेपेला ऐकला होता, आणि दर खेपेला त्यांचं लक्ष पुढच्या नामाकडे होतं. त्यांनी काडी न बुडवताच झाकण लावलं, जरा दम खाऊन किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. रामाचं नाव न घेता सुरू झालेली गाडी पाहून बद्रीनाथरावांना सासुरवाडीत पंगतीत धोतर सुटल्यासारखं झालं.

ते पुन्हा खाली उतरले आणि झाकणाकडे बघत राहिले. दर शनिवारी मारुतीला शेंदूर वाहून आलं की बोटाला उरलेला, तेलात कालवलेला शेंदूर ते झाकणाला लावत. गाडी तिथूनच खाते, म्हणजे ते तिचं मुख. थरावर थर चढून झाकणावर टणक कवच झालं होतं. अन् उभा जन्म किराण्याच्या दुकानात गेलेला माणूस तो. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, वारा आत जायला दुसरं पाडावं लागतं, हे त्यांनी गिऱ्हाइकांना किती वेळा शिकवलं होतं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मी हिचं नाक बुजवून राह्यलो की."

ताईंनी केसातली पिन काढून दिली. शेंदूर खरवडल्यावर झाकणात सुईएवढं भोक निघालं. खरवडलेला शेंदूर टाकवेना, म्हणून बद्रीनाथरावांनी तो कपाळाला लावला. तो जरा जास्तच होता.

तिथून जांबपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. मंडपाच्या दारात कारभारी मनगटावरच्या घड्याळाला हात लावून उभाच होता. लोक बसले होते, टाळ वाजायला लागले होते, पण नमनाला वेळ होता. त्याने दाजींच्या कपाळाकडे पाहून विचारलं, कुठं पडलात का. बद्रीनाथराव म्हणाले, न्हाई, पोचलो.

उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, ताईंनी एका भक्ताचा दृष्टांत दिला. त्याची आपल्या घोड्यावर फार माया. त्याने घोड्याच्या नाकपुड्यांत बुक्का भरला, आणि घोडं पडलं की उठावं म्हणून देवाचा धावा करू लागला. देव म्हणाला, बाबा, आधी बुक्का काढ. मंडप हसला. बद्रीनाथराव सगळ्यांत मोठ्याने हसले, अगदी गुडघ्यावर थाप मारून, आणि शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, "त्यो भक्त म्या हाय." शेजारी कारभारीच बसला होता.

कीर्तन संपल्यावर कारभारीने प्रसाद हातावर ठेवत सांगितलं, पुढल्या वर्षीही ताईंना तुम्हीच आणा. भुजंग मिस्त्रीला खरं सांगायचं काम मात्र बद्रीनाथरावांनी अजून पुढेच ढकललं आहे. नाम ते आता गाडी चालू असतानाच घेतात.

पुढच्या शनिवारी मारुतीहून परतले. बोटाला शेंदूर उरलेलाच होता. सवयीने हात झाकणाकडे गेला, मधेच थांबला. मग त्यांनी तो हॉर्नवर पुसला. तो तसाही वाजत नव्हता.