बिघडायचं तर उघडं

“काका, थांबवा गाडी.”

“अगं, चढ संपू दे की.”

“काटा लालमध्ये गेलाय. आत्ताच्या आत्ता थांबवा!”

काकांनी कारखान्यामागच्या चढावरच गाडी बाजूला घेतली. त्यांच्या वडिलांच्या वेळची ती गाडी. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती आणि काका तोंड फिरवून बसले होते. मालकांना कारखान्यात सगळे काकाच म्हणत. जुन्या गाड्यांचे बाजारात न मिळणारे सुटे भाग ते बनवत आणि आत्ता शेजारी बसलेली ती ते भाग तपासून पास-नापास करत असे. सध्या थर्मोस्टॅटची पाळी होती. इंजिन थंड असताना पाणी अडवून धरणारी आणि तापलं की रेडिएटरकडे सोडणारी मुठीएवढी झडप. मूळची परदेशी झडप हौशी लोकांनाही परवडेना, म्हणून काकांनी दोन स्वस्त नमुने करवून घेतले होते. एक पितळी भात्याचा, दुसरा मेणाचा; तापून भाता किंवा मेण फुगलं की झडप उघडे. मेणाचा त्यातल्या त्यात स्वस्त. आज तोच गाडीत होता.

“इतक्या वेळा नीट उघडला की हा,” काका म्हणाले. “एकदा अडकला तर लगेच बोंब!”

“भात्याला मी मुद्दाम भोक पाडून बघितलं, काका. तोही बिघडला, पण उघडा राहिला. इंजिन जरा गार राहील, एवढंच. हा बिघडला की दार लावून घेतो. आतलं पाणी आतच उकळतं.”

“बाळ झाल्यापासून तुला जिकडेतिकडे वाईटच दिसतं.”

हे घरीही ऐकून तिचे कान किटले होते. बाळ गाढ झोपलं तरी नाकाशी बोट धरून ती त्याचा श्वास बघायची. नवरा हसायचा. सासूबाई म्हणायच्या, “अगं, जरा झोपू तरी दे त्याला!” ती ओशाळायची. आज मात्र ओशाळली नाही.

“दिसतंच मला वाईट. मग तपासायला कोणाला ठेवणार? ज्याला सगळं छान दिसतं त्याला?”

काकांचा पारा चढला. “उद्यापासून पॅकिंगला बस.”

सकाळी ती पॅकिंगच्या टेबलाशी बसली. घरी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. काकांनी आधीच बनवून ठेवलेल्या मेणाच्या झडपांचा ढीग समोर येऊन पडला. झडप खोक्यात घालायची, खोकं बंद करायचं, वर ‘तपासले’ असं छापलेली हिरवी पट्टी चिकटवायची. त्या पट्टीशिवाय दुकानदार मालाला हात लावत नसत. तिने खोकी भराभर भरली. पट्टी एकावरही लावली नाही.

दुपारी काका आले. बोडक्या खोक्यांची चळत बघून थबकले.

“पट्ट्या कुठायत?”

“तपासलंय कोणी?”

“मी मालक आहे इथला!”

“आहात की. म्हणून तर खोकी भरून दिली. पण तपासणारी मी होते, आणि मी हा माल नापास केलाय.”

पट्ट्यांचं रीळ तिने कड्यासारखं मनगटात चढवलं होतं. काकांनी हात पुढे केला.

“काढ ते.”

“निघत नाही. बाळंतपणात हात सुजलेत.”

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी हसू दाबलं. काका हात तसाच धरून उभे राहिले. रिळाचा हात तिने टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुढचं खोकं ओढलं.