हँडलचा रेडिओ

"काका, हा घ्या. हँडल फिरवलं की चालतो, सेल नको. टॉर्च आहे, सायरन आहे, मोबाइलसुद्धा चार्ज होतो." दुकानदाराने पिवळाधमक रेडिओ काउंटरवर ठेवला.

"शॉर्टवेव्ह आहे का?"

"नाही, पण…"

"मग ठेवा आत. डोंगराआड एफएम पोचत नाही. सायरन वाजवून काय कोल्हे गोळा करायचेत?"

काकू हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष काकांच्या उजव्या हाताकडे होतं. दुकानात शिरल्यापासून तो खिशातच होता.

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट मध्येच अडकली की गच्चीवरच्या खोलीतलं भलंमोठं चाक हाताने फिरवून आतल्या माणसांना मजल्यावर आणून सोडायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, तरी जुन्या सोबत्यांबरोबर दरवर्षी डोंगरात तंबू ठोकून राहणं चालूच होतं. वर फोन लागत नाही. रेडिओवर हवामान ऐकून मुक्काम करायचा की खाली उतरायचं, ते काका ठरवत आणि बाकीचे निमूट ऐकत. यंदा मध्येच अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात ठणठणीत आहे, असं काकांनी डॉक्टरांना, लेकीला, सोबत्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. शर्टाची बटणं मात्र रोज काकूच लावत. "तेवढीच तू जवळ येतेस," असं म्हणून काका वेळ मारून नेत.

उद्या सकाळी सगळे निघणार होते. या हाताने ते डोंगर चढणार, या विचाराने काकूंची झोप उडाली होती. आज हे सोंग उघडं पडावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि चारचौघांत पडू नये असंही.

दुकानदाराने शॉर्टवेव्हवाले दोन काढले. स्वस्तातल्याचं हँडल काकांनी डाव्या हाताने हलवून पाहिलं. "हे दोन दिवसांत हातात येईल." दुसऱ्याचं लोखंडी होतं आणि किंमतही झेपण्यातली होती.

"फिरवून बघा ना, काका."

काकांनी उजवा हात बाहेर काढला. बोटांनी हँडल धरलं, अर्धा फेरा झाला आणि बोटं निसटली. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा निसटली. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक घसा खाकरायला लागलं.

"अहो, कडकच आहे ते," काकू घाईघाईने म्हणाल्या. "दुसरा दाखवा हो."

"कडक?" दुकानदाराने एका बोटाने हँडल गरागरा फिरवलं. "बघा काकू, किती हलकं चालतंय!"

त्याच्या कानाखाली आवाज काढावा, असं काकूंना वाटलं.

"हँडल चांगलंय," काका म्हणाले. "माझा हात गेलाय."

हेच ऐकण्यासाठी काकू इतके दिवस टपून होत्या. आता ऐकल्यावर मात्र त्यांना रडू आलं.

"मग सेलवरचा दाखवू?" दुकानदार ओशाळून म्हणाला.

"नको. वर सेल संपले तर आणणार कुठून? हाच द्या. पण आधी लावून बघू, हवामानाची वेळ झालीय." काका रेडिओ घेऊन पायरीवर आले. "तू फिरव गं. सावकाश."

काकू फिरवू लागल्या. काका डाव्या हाताने स्टेशन शोधत होते. खरखर झाली, शिट्टी वाजली, आणि एक संथ आवाज लागला. काकांनी कान जवळ नेला.

पाऊस सांग रे बाबा, काकूंनी मनातल्या मनात त्या आवाजाला विनवलं. सगळ्यांचंच जाणं रद्द होऊ दे.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चार दिवस उघडीप आहे वर," ते म्हणाले. "जाऊ दे त्यांना. रेडिओ त्यांच्याबरोबर देऊ."

काकूंचा हात भरून आला होता. तरी त्या हँडल फिरवत राहिल्या.